घोरण्याला साक्षीदार पाहिजे

आमच्या गल्लीत कोणी घोरत नाही. हे विधान मी सत्तावीस वर्षं छातीठोकपणे करत आलो आणि गल्लीतले एकोणीस उंबरे माझ्या बाजूने शपथ घ्यायला तयार होते. बऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या दरवाजातून आत आलात की तिसऱ्या बोळात आमचं घर. भिंतीला भिंत लागून उखर्डूभाऊंचा कारखाना, त्यात चार पावरलूम. दिवसपाळी, रातपाळी, खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्. पाहुणे पहिल्या दिवशी कानावर हात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पिशव्या भरतात. आम्हाला मात्र तो आवाज ऐकूच येत नाही. आता तुम्ही म्हणाल, वीज गेली म्हणजे तरी? वीज गेली की लूम बंद, कबूल. पण मग पंखाही बंद, आणि बऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद पडल्यावर झोपून राहील असा माणूस अजून जन्माला यायचाय. थोडक्यात, शांततेत झोपलेला माणूस आमच्या गल्लीने कधी पाहिलेलाच नाही.

त्यामुळे फाल्गुनात इच्छापूरला जे घडलं, त्याला मी माझी चूक मानायला आजही तयार नाही.

इच्छापूर म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीचं, भूमिकाचं सासर. व्याही मोतीलाल पाटील केळीचे बागायतदार, माणूस लाखात एक. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. पूजा झाली, प्रसाद झाला, बासुंदीचं जेवण झालं. विहीणबाईंनी आग्रह केला आणि मी आग्रहाचा मान राखला. तीन वाट्या मान राखला. मग व्याह्यांनी मला हॉलमधल्या दिवाणावर कूलरसमोर बसवलं. कूलर घरघरत होता, मला घरच्यासारखं वाटलं आणि डोळा लागला. इथपर्यंत मी शपथेवर सांगू शकतो. पुढचं ऐकीव आहे. म्हणे, आत बायका भूमिकाची ओटी भरत होत्या, त्यांची गाणी थांबली. मोतीलालरावांच्या आई, रंभाबाई, वय शहाऐंशी, माजघरातून ओरडल्या, "मोतीलाल, अरे विहिरीवरची मोटर कोनी चालू ठेवली? पानी वाया चाललं ना!" आणि मोतीलालराव खरोखर चप्पल घालून विहिरीवर जाऊन आले. मोटर बंद होती.

मी जागा झालो तेव्हा चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "कार्यक्रम छान झाला हं." परतीच्या प्रवासात सौभाग्यवती, म्हणजे प्रतिभा, माझ्याकडे पाठ करून बसली.

एवढ्यावर निभावलं असतं तर मी ही हकीगत सांगत बसलो नसतो. पण चौथ्या दिवशी विहीणबाईंचा, विमलताईंचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी सगळं ऐकलं. "प्रतिभाताई, वाईट वाटून घेऊ नका. पण आमच्या मनात असं आहे की भूमिकाचं बाळंतपण इथेच करावं."

प्रतिभाचा चेहरा पांढराफटक पडला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काय आज ठरलेली गोष्ट आहे? आमच्याकडे संक्रांतीपासून डिंक, खारीक, बाळंतशोपा यांचे डबे भरून ठेवले होते. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. पाळण्याला मी स्वतः दोन हात रंग दिला होता.

"का हो? काही चुकलं का आमचं?" प्रतिभाने विचारलं.

"चुकलं नाही हो. पण तिकडे तान्ह्या बाळाला झोप कशी लागायची?"

मी फोनमध्ये तोंड घातलं. "विहीणबाई, लूमच्या आवाजाचं म्हणत असाल तर आमची भूमिका त्याच आवाजात वाढली. दोन मिनिटांत झोपायची."

"लूमचं काही नाही हो. लूम आपल्या एका लयीत चालतो. तुमचं तसं नाही ना. मध्येच थांबतं. आम्ही सगळे वाट बघतो. आणि मग एकदम फुटतं. बाळ दचकेल."

मग जावईबापू, तुषार, लाइनवर आले. पोरगा गुणी. म्हणाला, "पप्पा, आईचं टेन्शन घेऊ नका. मला स्वतःला घोरण्याचा काहीच प्रॉब्लेम नाही. मला सवय आहे." त्याचा सभ्यपणा बघून मला गहिवरून आलं. कसली सवय असणार बिचाऱ्याला, सासऱ्याची अब्रू झाकत होता.

फोन ठेवल्यावर प्रतिभा पाळण्याजवळ जाऊन बसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "माझ्या पोरीचं पहिलं बाळंतपण माझ्या हातून व्हायचं नाही. का? तर तिच्या बापाच्या नाकापायी." आणि तिने माझ्याशी बोलणं टाकलं.

त्याच क्षणी मी निश्चय केला. वैशाखात सातव्या महिन्याचं डोहाळजेवण इच्छापूरलाच होतं. रात्री सगळ्यांचा मुक्काम, पहाटे इच्छादेवीचं दर्शन. हातात दीड महिना होता. त्या रात्री मी विहीणबाईंच्या घरात मांजराच्या पावलांनी झोपणार होतो आणि सकाळी मुलीला घेऊन निघणार होतो. मी एका सरकारी कार्यालयात मोठा बाबू आहे. गेली बावीस वर्षं मी अडकलेल्या फायली सोडवतोय. एक नाक सोडवता येणार नाही?

पहिला सल्ला अर्थातच उखर्डूभाऊंचा. ते आमच्या ओट्यावर बसूनच होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुधाकरभाऊ, कायले डोक्याले ताप करून घेता? सांगून द्या की मुलीच्या घरी बापानं मुक्काम करू नये, आसं शास्तर हाये. जेवा अन् संध्याकाळी वापस या. घोरणं बी नाही अन् बदनामी बी नाही."

मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि भिंतीला उद्देशून वाक्य आलं, "तीन वाट्या बासुंदी खाताना शास्त्र कुठे गेलं होतं, विचारा म्हणावं." शिवाय पळून जाऊन मुलगी घरी येणार नव्हती.

"मग नाकात दोन थेंब कोमट तूप सोडा," भाऊ म्हणाले. "आमच्या घरात हेच करतेत. म्हणून तर आपुन जिंदगीत कधी घोरलो नाही."

मी तूप सोडलं. तूप कोमट आहे की गरम, हे नाकाला बोटापेक्षा लवकर समजतं. दोन दिवस मी तांबडं नाक घेऊन कार्यालयात गेलो आणि तिसऱ्या दिवशी शास्त्रशुद्ध मार्ग धरायचं ठरवलं, म्हणजे नाक-कान-घशाची डॉक्टरीण.

त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा हवी. खोटं कारण द्यायची आपल्याला सवय नाही. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, म्हणून अर्ज हिंदीत, स्वच्छ अक्षरात लिहिला, ‘खर्राटों के उपचार हेतु अर्ध दिवस का अवकाश’. साहेबांनी शेरा मारून परत पाठवला, ‘क्या उक्त खर्राटे कार्यालयीन समय में भी लिए जाते हैं? स्पष्ट करें.’ मी उत्तर दिलं, ‘उक्त खर्राटे पूर्णतः निजी समय के हैं.’ त्यावर आवक शाखेने हरकत घेतली की आजाराच्या यादीत खर्राटे नाहीत, कोणत्या शीर्षाखाली टाकायचे? फाइल तीन टेबलं फिरली. प्रत्येक टेबलावर ती वाचली गेली आणि प्रत्येक टेबलाने आपापला उपाय सुचवला. अकराव्या दिवशी रजा मंजूर झाली तोवर पाणी भरणाऱ्या बाईसुद्धा मला विचारत होत्या, "साहब, अब नींद कैसी है?" बावीस वर्षांची इज्जत अकरा दिवसांत संपली. पण मी मागे हटलो नाही.

डॉक्टरीण तरुण होती, मोहरीएवढी टिकली आणि भलामोठा टॉर्च. नाकात बघून म्हणाली, "काका, घराजवळ कापसाचं काम चालतं का? नाक आतून सुजलंय. तंतू जातात." मग वजन केलं, गळ्याभोवती टेप लावली, जिभेवर चमचा दाबला. समजावून सांगितलं नीट. झोपेत घसा सैल पडतो, उताणं झोपलं की जीभ मागे घसरते, वाट अरुंद होते आणि वारा त्यातून ओढला गेला की आवाज होतो. वजन वाढलं की चरबी फक्त पोटावर चढत नाही, गळ्यातही चढते. रात्री उशिरा भरपेट जेवण, तंबाखू, बंद नाक, सगळं त्यात भर घालतं. "आणि आता महत्त्वाचं. झोपेत तुमचा श्वास मध्येच थांबतो का? दिवसा पेंग येते का? श्वास थांबत असेल तर ते नुसतं घोरणं नाही, मग झोपेची तपासणी करावी लागेल. शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारून सांगा."

शेजारी झोपणाऱ्या माणसाने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तरी दाराआडून विचारलं. उत्तर आलं, "मला काय माहीत? रात्रभर लूम चालू असतो. आणि इच्छापूरला मी स्वयंपाकघरात तोंड लपवून बसले होते." विहीणबाईंची साक्ष होती, पण विरुद्ध पक्षाचा साक्षीदार मी ग्राह्य धरत नाही. म्हणून मोबाइलवर घोरणं मोजणारं ॲप घेतलं. रात्री उशाशी ठेवलं. सकाळी त्याने अहवाल दिला की तुम्ही सलग आठ तास, एका क्षणाचाही खंड न पडता, मिनिटाला दीडशे वेळा घोरता, त्वरित डॉक्टरांना भेटा. मी घाबरून कानाला लावून ऐकलं. खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्.

आता एकच उपाय उरला. मी उखर्डूभाऊंकडे गेलो आणि म्हटलं, "भाऊ, एका दुपारपुरता कारखाना बंद ठेवा."

लूमवाल्याला लूम बंद ठेवा म्हणणं म्हणजे काय, हे बऱ्हाणपूरकराला सांगायला नको. भाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "भूमिकाच्या बाळंतपणासाठी ना? माह्या मांडीवर खेळेल पोरगी हाये ती. ठेवतो बंद. अन् साक्षीदार मी सोता बसतो."

रविवारी दुपारी दोन वाजता चारही लूम थांबले. आणि गल्लीत अशी शांतता पसरली की लोक घराबाहेर धावत आले. "कोण गेलं?" पहिल्या पाच मिनिटांत आठ जणांनी विचारलं. एक आजी तर डोक्यावर पदर घेऊन रडायच्या तयारीनेच आल्या. कोणी गेलेलं नाही, महाजनबाबू, म्हणजे मी, घोरून दाखवणार आहेत, असं कळल्यावर मंडळी घरी जायच्या ऐवजी आत येऊन बसली. मी पलंगावर उताणा. बाजूला खुर्चीवर उखर्डूभाऊ, हातात कागद-पेन्सिल. खाली सतरंजीवर गल्ली. प्रतिभा नाइलाजाने सगळ्यांना मठ्ठा वाटत होती.

मला झोप येईना. येणार कशी? सत्तावीस वर्षांत खटाक् शिवाय डोळा मिटलेला नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आपल्या घरातलं घड्याळ आवाज करतं हे मला त्या दिवशी समजलं. मी डोळे मिटले की खालून कुजबुज, "लागली, लागली!" उघडले की, "अरे, नाही लागली." एकाने अंगाईची सूचना केली. पाऊण तास मी झोपेशी झुंजलो, घामाघूम झालो, आणि शेवटी हात जोडून म्हणणार, माफ करा मंडळी, तेवढ्यात आवाज आला.

प्रथम वाटलं, लूम चालू झाला. मग वाटलं, चारही चालू झाले. मान वळवून बघितलं तर खुर्चीत उखर्डूभाऊ, मान मागे, तोंड उघडं, कागद-पेन्सिल जमिनीवर. जिंदगीत कधी न घोरलेला माणूस असा घोरत होता की मठ्ठ्याचे पेले ताटात थरथरत होते. त्यांची बायको, लग्नाला चाळीस वर्षं झालेली, पदर तोंडाला लावून उभी राहिली. "अगं बाई! हे असं करतेत?" आणि मग सतरंजीवरच्या कोपऱ्यातून दुसरा सूर लागला, ओट्यावरून तिसरा. जेवून बसलेली माणसं, वैशाखाच्या तोंडावरची दुपार, आणि आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली शांतता. साडेतीनपर्यंत अर्धी गल्ली माझ्या घरात घोरत पडली होती आणि जागा असलेला पुरुष एकटा मी.

प्रतिभा मठ्ठ्याची चरवी खाली ठेवून हसायला लागली. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो," ती म्हणाली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला अहो म्हणाली. "तुम्ही एकटेच नाही हो."

त्या दिवसापासून प्रतिभाने कारभार हातात घेतला आणि मग मात्र सुट्टी नव्हती. मावा जिलेबी बंद, दराब्याची मिठाई बंद. संध्याकाळी साडेसातला ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, त्यानंतर स्वयंपाकघराला कडी. जेवणानंतर तापीच्या घाटापर्यंत पायी. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं, मग वाफ. तंबाखूची डबी तिने उखर्डूभाऊंना दिली, त्यांनी ती त्यांच्या बायकोच्या हाती दिली, आणि त्यांच्या बायकोने ती तापीत टाकली. पलंगाची उशाकडची बाजू उंच करा असं डॉक्टरीण म्हणाली होती. किती, ते मी नीट ऐकलं नव्हतं. एक वीट ठेवण्याऐवजी मी चार-चार ठेवल्या आणि पहाटे पायथ्याच्या लाकडावर गुडघे आपटून जागा झालो.

कुशीवर झोपण्याचा बंदोबस्त प्रतिभाचा स्वतःचा. लूमच्या सुताची जुनी लाकडी कांडी भाऊंकडून आणली, माझ्या बनियनला पाठीवर खिसा शिवला आणि कांडी त्यात घातली. उताणं झालं की पाठीत टोचते, माणूस आपोआप कुशीवर. योजना उत्तम. फक्त एकदा घाईत मी तोच बनियन घालून कार्यालयात गेलो आणि साहेबांनी सगळ्यांदेखत पाठीवर थाप मारली. आम्ही दोघंही ओरडलो.

वजन साडेतीन किलो उतरलं. पण घोरणं उतरलं की नाही, सांगणार कोण? लूम तर चालूच. डोहाळजेवणाला मी परीक्षेचा निकाल माहीत नसलेल्या विद्यार्थ्यासारखा गेलो.

इच्छापूरला मी पूर्ण तयारीनिशी पोचलो. त्यांचीही तयारी होती. रात्री प्रत्येक पाहुण्याच्या उशाशी कापसाचे दोन बोळे नीट मांडून ठेवले होते. कापूस घरच्या शेतातला. ते बोळे मी नजरेआड केले. मुलीकडे बघितलं. हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत, थकलेली. माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, मला घरी यायचंय हो."

"उद्या सकाळी," मी म्हटलं. नाक धुतलं, वाफ घेतली, बनियन घातला, उशी उंच केली, ओसरीतल्या खाटेवर डाव्या कुशीला झालो. कूलर घरघरला. मी देवीचं नाव घेतलं.

पुढचं पुन्हा ऐकीव.

सगळं घर कानात बोळे घालून वाट बघत पडलं होतं. अकरा वाजले, काही नाही. बारा वाजले, काही नाही. विमलताईंनी एका कानातला बोळा काढून बघितला. काही नाही. मग मोतीलालरावांनी काढला. एकेक करून सगळ्यांनी काढले. शेवटी रंभाबाई उठून बसल्या. "मोतीलाल, आवाज नाही रे येत. इतकं गुपचूप चांगलं नसते. व्याही जित्ते हायेत का पाहा."

"झोपलेत आई."

"मांगच्या खेपेले मोटर चालत होती, आता बंद पडली. पाहून घे म्हनते ना मी!"

जुनी पद्धत आहे, नाकाशी कापूस धरायचा, हलला तर श्वास आहे. कापूस सगळ्यांच्या हातात होताच. रंभाबाईंनी आपल्या कानातला बोळा काढला, पिंजून माझ्या नाकाशी धरला. आधीच कापसाच्या तंतूने सुजणारं माझं नाक! मला स्वप्नात उखर्डूभाऊ दिसले आणि मी असा शिंकलो की खाट कुरकुरली. डोळे उघडले तर चौदा तोंडं माझ्यावर वाकलेली. प्रतिभा देवीला नवस बोलत होती, भूमिका हमसून हमसून रडत होती आणि विमलताईंचा हात माझ्या मनगटावर होता, नाडी शोधत.

"काय झालं?" मी विचारलं. "मी घोरलो का?"

"नाही हो!" विमलताई मटकन खाली बसल्या. "नाही घोरलात! जीव गेला आमचा वाट बघून!" मग त्यांनाच हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "प्रतिभाताई, मी हरले. या माणसाने लेकीसाठी झोपेत सुद्धा शिस्त पाळली. मी कोण अडवणारी? पहाटे देवीची ओटी भरू आणि न्या मुलीला."

मी पुन्हा कुशीवर वळलो, कारण डोळ्यांत आलेलं पाणी व्याह्यांना दिसायला नको होतं. कांडी मात्र पाठीत नव्हती. शिंकेने टाका उसवून ती रंभाबाईंच्या पायाशी जाऊन पडली होती.

सकाळी दर्शन झालं. डॉक्टरणीने सांगितलेली तपासणी पुढच्या महिन्यात नक्की करायची, असं विमलताईंनी देवीसमोर माझ्याकडून वदवून घेतलं, आणि ते बरोबरच होतं. गोटू ड्रायव्हरच्या गाडीत आम्ही बसलो. निघताना तुषार खिडकीशी आला, भूमिकाकडे बघून गालात हसला आणि म्हणाला, "पप्पा, सांभाळून घ्या हं." मला वाटलं, बायकोची काळजी.

गाडी हायवेला लागली. मागच्या सीटवर भूमिकाने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. पोटुशी पोर, रात्रभराचं जागरण, उताणी पडली आणि मिनिटात झोपली. बाहेर केळीच्या बागा, आत एसीची हलकी घुर्रघुर्र. आणि त्या घुर्रघुर्रीच्या वर एक आवाज चढायला लागला.

गोटूने आरशात बघितलं. "साहेब, इंजिनमध्ये काही गडबड वाटते. थांबवू का?"

मी मागे वळलो. प्रतिभाने माझ्याकडे बघितलं. मी प्रतिभाकडे बघितलं. लग्न होईपर्यंत पोरीला त्या लूमशेजारी वाढवली, एकदाही कळलं नाही. आणि ‘मला सवय आहे’ म्हणणारा माझा गुणी जावई! विहीणबाईंना अजून पत्ता नाही, हे नक्की.

"गरोदरपणामुळे असेल," प्रतिभा घाईघाईने म्हणाली. "या दिवसांत होतं तसं." आणि तिने हलक्या हाताने लेकीला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी माझ्यासारखी कांडी नाही, स्वतःचा हात ठेवला.

समोरून केळीचा ट्रक आला. गोटूने हॉर्नकडे हात नेला, मी तो वरच्यावर धरला.

"वाजवू नको," मी म्हटलं. "आणि गाडी हळू घे. पोरगी झोपलीय."